नामदार गोखले : प्रामाणिकपणाची न संपलेली परीक्षा

रत्नागिरी, प्रतिनिधी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा स्वतंत्र कोकण विभाग झाला आणि २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालांत हा विभाग सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला. निकालाच्या दिवशी या यशाचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. मात्र गुणपत्रिकेवरील आकडे विद्यार्थ्याने काय मिळवले एवढेच सांगतात. ते कसे मिळवले, त्यात स्वतःचे किती आणि दुसऱ्याचे किती, हे सांगण्याची जबाबदारी शेवटी विद्यार्थ्यावरच राहते. याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याने ही जबाबदारी आयुष्यभर निभावली. त्यासाठी त्याला मोठी किंमतही मोजावी लागली. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. त्यामुळे गोपाळचे प्राथमिक शिक्षण कागल येथे आणि पुढील शिक्षण कोल्हापुरात झाले. घरची स्थिती बेताची होती. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता.

गणित बरोबर, तरीही अश्रू

गोखले यांच्या शालेय जीवनातील एक आख्यायिका मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुरुजींनी घरी सोडवून आणण्यासाठी गणिते दिली होती. दुसऱ्या दिवशी वही तपासली असता गोपाळची सर्व उत्तरे बरोबर निघाली. गुरुजींनी वर्गासमोर त्याची पाठ थोपटली आणि त्याला पहिल्या क्रमांकाच्या जागेवर बसावयास सांगितले. त्या काळी वर्गात गुणानुक्रमे बसण्याची पद्धत होती व पहिली जागा मिळणे हा मोठाच मान समजला जाई. परंतु गोपाळ आनंदित होण्याऐवजी रडू लागला. त्यातील एक गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवले असल्याने या जागेवर आपला हक्क नाही, असे त्याने गुरुजींना सांगितले.

ही कथा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तपशिलांनिशी सांगितली जाते. थोर पुरुषांच्या बालपणाभोवती अशा कथा जमतातच. म्हणून केवळ या कथेवरून गोखले यांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणे योग्य ठरणार नाही. मात्र त्यांच्या प्रौढ आयुष्यात या कथेशी विलक्षण जुळणारे दोन प्रसंग घडले. ते मात्र पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्रांत नोंदले गेलेले आहेत. योगायोग असा, की दोन्ही प्रसंग १८९७ या एकाच वर्षातले आहेत.

भावाच्या आठ रुपयांचे ऋण

त्या प्रसंगांकडे वळण्यापूर्वी विद्यार्थी गोखले कसे घडले, हे पाहावयास हवे. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत संपूर्ण कुटुंबाचा निर्वाह होई. आपण खर्च करीत असलेला प्रत्येक पैसा कोणाच्या तरी ताटातून काढलेला आहे, याची जाणीव गोपाळला त्या वयातच झाली. आईवडिलांच्या कष्टावर शहरात राहून शिकणाऱ्या कोकणातील कितीतरी मुलामुलींना ही जाणीव आजही परकी नाही.

१८८१ मध्ये गोखले मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. त्या वेळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली असे दोन हमरस्ते खुले होते. घराला पैशांची गरज होती आणि भावाने केलेल्या त्यागाची परतफेड करावयाची होती. गोखले यांनी कायद्याच्या अभ्यासास प्रारंभही केला. परंतु १८८५ च्या आरंभी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. किमान वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि दरमहा ७५ रुपयांवर समाधान मानावयाचे, अशी या सदस्यत्वाची अट होती. रत्नागिरीतच जन्मलेले बाळ गंगाधर टिळक हे त्या वेळी संस्थेतील त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, तरी शिक्षण हे देशकार्य आहे, या श्रद्धेवरच दोघांच्याही सार्वजनिक जीवनाचा पाया रचला गेला.

न समजलेले शिकवू नये

फर्ग्युसन महाविद्यालयात गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे अनेक विषय शिकवले. ज्या विषयाला प्राध्यापक मिळत नसे तो गोखल्यांकडे येई. त्यांच्या तयारीविषयी एक गोष्ट सांगितली जाते. नौसेनानी नेल्सन याचे चरित्र अभ्यासक्रमास होते. त्यात गलबतांच्या भागांची आणि नौकानयनाची असंख्य पारिभाषिक नावे येतात. शब्दकोशातील अर्थ सांगून पुढे जाणे सोपे होते. परंतु गोखले मुंबईच्या गोदीत गेले, जहाजे पाहिली, माहिती करून घेतली आणि मगच पाठ शिकवला. स्वतःला न समजलेली गोष्ट समजल्याच्या आविर्भावात सांगणे हीदेखील विद्यार्थ्यांची फसवणूकच आहे, हे त्यांच्या वागण्यातून दिसते. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरात होते.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील आकडे ताडून पाहणे, मसुदा करणे आणि रानड्यांनी तो परत पाठवल्यावर नव्याने लिहिणे, असा हा अभ्यास होता. रानडे यांचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले. तोवर, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, गोखले या गुरूच्या हाताखाली शिकत होते. महाविद्यालयात प्राध्यापक आणि रानड्यांच्या अभ्यासिकेत विद्यार्थी, अशी दुहेरी भूमिका त्यांनी इतकी वर्षे निभावली.

श्रेय ज्याचे त्याला

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. १८९७ च्या वसंत ऋतूत गोखले या आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. तेव्हा ते तिशीतले तरुण होते. सरकारी खर्च, लष्कराचा बोजा, कराचे प्रमाण यांविषयी त्यांनी आकडेवारीनिशी मांडणी केली आणि उलटतपासणीला समर्थपणे तोंड दिले. जाणकारांनी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली.

ही स्तुती त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. साक्षीच्या तयारीत रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी या दोघांचा मोठा वाटा होता. जोशी हे व्यवसायाने शिक्षक आणि आर्थिक आकडेवारीचे गाढे अभ्यासक होते. गोखल्यांनी लंडनहून जोशी यांना पत्र लिहून कळवले, की झालेल्या कौतुकाचे खरे धनी आपण दोघे आहात, मी केवळ ते पोचवणारे माध्यम आहे. लंडनमध्ये जोशी यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. गोखले गप्प राहिले असते तरी कोणाला काही कळले नसते. शाळेतील गणिताची गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातील मुलगा या पत्रात स्पष्ट दिसतो.

सिद्ध करता न आलेले विधान

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग मात्र कसोटीचा होता. १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोगाचा प्रसार रोखण्यासाठी डब्ल्यू. सी. रँड यांच्या अधिपत्याखाली प्लेग समिती नेमण्यात आली आणि घरोघर तपासणीसाठी गोरे सैनिक धाडण्यात आले. देवघरात शिरणे, सामान जाळणे, स्त्रियांना अपमानास्पद वागणूक देणे अशा तक्रारींनी शहर धुमसत होते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील परिचितांकडून त्यांना पत्रे येत होती. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा गंभीर मजकूरही त्यांत होता. पत्र लिहिणारी माणसे विश्वासाची होती. गोखले यांनी ही माहिती ब्रिटिश संसद सदस्यांपुढे आणि मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राच्या माध्यमातून इंग्रज जनतेपुढे मांडली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस गोखले मुंबई बंदरात उतरले. दरम्यान टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. शहरात धरपकडीचे वातावरण होते. गोखले यांनी आपल्या माहितीच्या आधाराचा शोध घेतला. त्या विशिष्ट आरोपाच्या पुष्टीसाठी कोणीही उघडपणे पुढे येण्यास तयार नव्हते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे जाहीर करणे म्हणजे त्यांना सरकारी रोषाच्या तोंडी देणे होते. ती नावे सांगण्यास गोखल्यांनी ठाम नकार दिला. मग त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले. विधान तसेच ठेवून वेळ मारून न्यावयाची किंवा ते मागे घ्यावयाचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वृत्तपत्रांतून निःशर्त माफी जाहीर केली. गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी आणि सैनिक या सर्वांची त्यांनी क्षमा मागितली.

या माफीने देशभर संतापाची लाट उसळली. सरकारपुढे गुडघे टेकले, देशाची मान खाली घातली, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्या वर्षाअखेर अमरावती येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी बोलण्यास अनेकांचा विरोध होता. कालपर्यंत वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी ज्यांची वाहवा होत होती, ते गोखले काही काळ एकाकी पडले.

या टीकेत तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. सैनिकांच्या वर्तनाविषयी पुणेकरांच्या तक्रारी असंख्य होत्या आणि त्या सर्व निराधार होत्या, असे कोणीही म्हणणार नाही. एक आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून एवढी सर्वव्यापी माफी मागण्याची आवश्यकता होती काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारता येतो. आरोप सिद्ध न होणे आणि आरोप खोटा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पीडितांनी भीतीपोटी मौन पाळले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. मात्र गोखल्यांपुढील प्रश्न वेगळा होता. आपण जगापुढे जे विधान केले ते आपल्याला दाखवून देता येते काय, एवढाच तो प्रश्न होता. त्याचे उत्तर नकारार्थी येताच, ते विधान आपल्या बाजूचे आहे म्हणून त्यांनी कवटाळून ठेवले नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात आज नेमकी हीच अपेक्षा असते. ज्या निष्कर्षाला आधार दाखवता येत नाही तो जाहीरपणे मागे घ्यावा लागतो. असे करणाऱ्याची अप्रतिष्ठा होते, म्हणूनच ते करणारे थोडे असतात. वृत्तपत्राच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनाही हा प्रसंग बरेच काही शिकवतो. ऐकीव माहिती कितीही विश्वासू माणसाकडून आली तरी ती पडताळण्याआधी छापावयाची नसते आणि माहिती देणाऱ्याचे नाव मात्र स्वतः संकटात सापडलो तरी उघड करावयाचे नसते. यातला पहिला नियम गोखल्यांकडून मोडला गेला होता. दुसरा त्यांनी कसोशीने पाळला.

चुकीनंतरचे गोखले

माफीनंतर गोखले घरी बसले नाहीत. पुण्यात प्लेगग्रस्तांच्या मदतकार्यात ते स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले आणि पुढे केंद्रीय विधिमंडळात पोचले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे केलेले अर्थसंकल्पावरील भाषण गाजले. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. १८९७ चा धडा त्यांनी असा गिरवला होता. यापुढे त्यांच्या भाषणातील प्रत्येक आकड्याला आधार असे आणि विरोधकांनाही त्याची दखल घ्यावी लागे.

त्याच वर्षी ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. आजीव सदस्याची प्रतिज्ञा पाळण्याची ही परंपरा रत्नागिरी जिल्ह्यातीलच आणखी एका विद्यार्थ्याने पुढे नेली. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. मोठमोठ्या पदांचे दरवाजे उघडे असताना, दिलेला शब्द पाळून ते अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये दाखल झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. गोखल्यांच्या निधनानंतर त्यांचे छोटेखानी चरित्रही परांजप्यांनी लिहिले.

१९०५ मध्ये गोखले बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. समाजाच्या नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. आधी अभ्यास, आधी देशाचे निरीक्षण आणि मग भाषण व लेखन, असा क्रम त्यांनी घालून दिला. विद्यार्थ्यांच्या राजकारणातील सहभागाविषयीही त्यांचे मत याच धर्तीचे होते. सार्वजनिक प्रश्नांचा विद्यार्थ्यांनी कसून अभ्यास करावा, पण शिक्षण चालू असताना प्रत्यक्ष चळवळीत उडी घेऊ नये, असे ते म्हणत. वंगभंगाच्या काळातील अनेक तरुणांना हा सल्ला मिळमिळीत वाटला आणि त्यांनी तो मानला नाही. अभ्यास पुरा होण्याची वाट पाहत अन्याय थांबत नाही, हे त्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

विद्यापीठांवर सरकारी वर्चस्व वाढविणाऱ्या १९०४ च्या कायद्याला गोखल्यांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या माणसाला शिक्षण हे नशिबावर सोडण्याजोगे वाटत नव्हते. ज्यांना असा भाऊ लाभला नाही त्यांचे काय, हा प्रश्न या विधेयकामागे होता.

आजचा विद्यार्थी आणि गोखले

महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास तो सुधारून सहा महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. साम्य मोजणारी सॉफ्टवेअर आली, तशी सांगितलेला निबंध क्षणार्धात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. तिने लिहिलेला मजकूर कोणाशीच जुळत नाही. त्यामुळे टक्क्यांच्या हिशेबात तो निर्दोष ठरू शकतो.

गोखल्यांचे चरित्र येथे उपयोगी पडते. मदत घेणे हा दोष नव्हे. गोखल्यांनी रानड्यांची मदत घेतली, जोशी यांचे आकडे घेतले, भावाचे पैसे घेतले. मदत लपवून श्रेय घेणे हा दोष होय. चूक होणे हाही अक्षम्य अपराध नव्हे. गोखल्यांसारख्या काटेकोर माणसाच्या हातूनही ती झाली. ती उघडपणे मान्य करण्यास लागणारे धैर्य मात्र कोणतेही सॉफ्टवेअर मोजू शकत नाही. त्याचबरोबर सर्व भार विद्यार्थ्यावर टाकून शिक्षक आणि संस्था मोकळ्या होऊ शकत नाहीत. नेल्सनचा पाठ शिकवण्यासाठी गोदीत जाणारा शिक्षक ज्या वर्गाला लाभतो, त्या वर्गाला नक्कल करण्याची गरज कमी भासते.

९ जानेवारी १९१५ रोजी मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले. गोखले त्या वेळी आजारी होते. त्यांनी या आपल्या शिष्याकडून एक वचन घेतले. एक वर्ष देशभर फिरावयाचे, डोळे व कान उघडे ठेवावयाचे आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यावयाचे नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले पुण्यात निवर्तले. वचनाची आठवण करून देणारा आता कोणी उरला नव्हता. गांधीजींनी ते वर्षभर पाळले.